अंतर कुणापासून मोजायचं? करमाळ्याहून अनुशेषाकडे



मागच्या वेळी आपण दोन बिंदूंमधलं अंतर पाहिलं होतं. त्यात तीन अटी होत्या. स्वतःपासून स्वतःचं अंतर शून्य आणि इतर कुणापासूनही शून्याहून जास्त. इकडून तिकडे जेवढं, तेवढंच तिकडून इकडे. आणि वाटेत तिसऱ्याच्या घरी डोकावून गेलं तर रस्ता कमी होत नाही. या अटी पाळणारं कोणतंही माप घ्या, त्याला मेट्रिक म्हणतात आणि ते जिथे लागू होतं त्या जागेला मेट्रिक स्पेस. आज एक पायरी पुढे जायचं आहे. एका बाजूला एकच बिंदू आणि दुसऱ्या बाजूला अख्खा जमाव असला, तर अंतर कसं मोजायचं?

प्रश्न अवघड वाटला तर असं विचारतो. करमाळ्यापासून रेल्वे किती लांब?

हसू नका. सोलापूरपर्यंत रेल्वे आली १८६० साली, आणि ती करमाळा गावात न येता तालुक्याच्या दक्षिण कडेने गेली. आमच्या लहानपणी कुणी विचारलं की आम्ही सांगायचो, जेऊर पंधरा-वीस किलोमीटर. पण जेऊर हे स्टेशन झालं, रेल्वे नव्हे. रेल्वे म्हणजे लांबच लांब रूळ, त्यावर बिंदू असंख्य. त्यातल्या प्रत्येक बिंदूपासून करमाळ्याचं अंतर काढलं तर दौंड लांब, कुर्डुवाडी लांब, मुंबई तर फारच लांब. मग 'रेल्वेचं अंतर' यातलं कोणतं? आपण न शिकता उत्तर देतो: सगळ्यात कमी असेल ते. बिंदूचं संचापासूनचं अंतर म्हणजे संचातल्या जवळच्यात जवळच्या घटकापर्यंतचं अंतर. व्याख्या एवढीच आहे.

यात एक गंमत लगेच दिसते. संच रुळांचा धरला तर अंतर थोडं कमी, कारण रूळ जिथे सर्वांत जवळून जातो तिथे स्टेशन असेलच असं नाही. संच स्टेशनांचा धरला तर अंतर वाढलं. 'आपल्याला हवी ती गाडी जिथे थांबते ती स्टेशनं' असा संच धरला तर कधीकधी थेट कुर्डुवाडी गाठायची. संच जसजसा लहान होतो तसतसं अंतर वाढतं, निदान कमी तरी होत नाही. नकाशावर रेल्वे काढून 'तालुक्याला रेल्वेची सोय आहे' असं लिहिणारा रुळांचा संच धरत असतो आणि पहाटे बोचकं घेऊन निघालेली म्हातारी गाडी थांबणाऱ्या स्टेशनांचा. दोघंही खरंच बोलत असतात.

आता व्याख्येत एक बारीक दुरुस्ती. 'जवळच्यात जवळचा घटक' दर वेळी असतोच असं नाही. एक, एक-द्वितीयांश, एक-तृतीयांश, एक-चतुर्थांश अशा संख्यांचा संच घ्या. शून्यापासून यातला सगळ्यात जवळचा कोण? कुणीच नाही. ज्याचं नाव घ्याल त्याच्या पुढचा आणखी जवळ असतो. तरी अंतर शून्यच, कारण ही अंतरं हवी तितकी लहान होतात आणि शून्याच्या खाली कधी जात नाहीत. म्हणून गणिती 'सर्वांत लहान अंतर' न म्हणता 'सगळ्या अंतरांची मोठ्यात मोठी खालची सीमा' म्हणतात. शब्द जड आहे, पण त्यातून निघतं ते ध्यानात ठेवण्यासारखं आहे: अंतर शून्य असूनही बिंदू संचात नसू शकतो. उंबऱ्याला पाय लागलेला आहे, पण आत नाही.

हे सगळं आलं कुठून? फार जुनं नाही. १९०५ मध्ये पॅरिसमधल्या आपल्या प्रबंधात दिमित्री पोंपेयू या रुमानियन गणितज्ञाने दोन संचांमधल्या अंतराची कल्पना मांडली. पुढच्याच वर्षी मोरिस फ्रेशे याने त्याच शहरात प्रबंध लिहून अंतराच्या त्या अटी कोणत्याही वस्तूंना लावून दाखवल्या, बिंदूंना तशाच वक्रांना आणि फलांनाही. 'मेट्रिक स्पेस' हे नाव मात्र फेलिक्स हाउसडॉर्फने दिलं, १९१४ च्या त्याच्या संचसिद्धांतावरच्या ग्रंथात.

हाउसडॉर्फबद्दल आम्हाला जरा जास्त जिव्हाळा आहे, कारण हा माणूस आधी आमच्या गल्लीतला होता. पाउल मोंग्रे या टोपणनावाने त्याने तत्त्वज्ञानाची पुस्तकं लिहिली. त्यातलं एक काळ आणि अवकाश यांवर, १८९८ सालचं. त्यानंतर तो गणितात रमला. ज्यू होता. जानेवारी १९४२ मध्ये छावणीत हजर होण्याचा हुकूम आला, तेव्हा बॉन शहरात त्याने, त्याच्या पत्नीने आणि तिच्या बहिणीने २६ तारखेला आपलं आयुष्य संपवलं. कोण संचाच्या आत आणि कोण बाहेर हे ठरवणारं सरकार दारात उभं राहिलं की काय होतं, ते या विषयाचा पाया घालणाऱ्यालाच भोगावं लागलं.

आपल्याकडेही दूर-जवळचा विचार झालेला आहे, हे सांगायला हवं. वैशेषिकांनी गुणांच्या यादीत परत्व आणि अपरत्व हे दोन गुण धरले: लांबपणा आणि जवळपणा. हे गुण वस्तूला नुसते चिकटलेले नाहीत, पाहणाऱ्याच्या अपेक्षाबुद्धीने ते उत्पन्न होतात असं ते म्हणतात. म्हणजे 'कुणापासून' आणि 'कुणाच्या तुलनेत' हे ठरवल्याशिवाय दूरपण नाही. त्यांनी ते मोजलं नाही, ही गोष्ट वेगळी. उगाच आपल्या पूर्वजांच्या खिशात मेट्रिक स्पेस कोंबायची आम्हाला हौस नाही.

बरं, आता भीमेकडे येऊ. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि आपल्या तालुक्याची पश्चिम-दक्षिण कड पाण्याखाली गेली. पूर्वी ज्या गावांची माणसं नदी ओलांडून इंदापूर तालुक्यातल्या सोयऱ्यांकडे जात, त्यांच्या मधोमध आता फुगवट्याचं पाणी. सरळ रेघेने अंतर तेवढंच आहे, रेघ हलली नाही. पण रस्त्याने मोजाल तर फेरा कितीतरी पट. डिकसळचा जुना, इंग्रजांच्या काळातला रेल्वेपूल धरणानंतर रस्त्यासाठी वापरात आला, म्हणून काही गावांचा फेरा थोडा वाचला. बाकीच्यांनी तिसरं मेट्रिक शोधलं, होडीचं. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे येणाऱ्या-जाणाऱ्या अशाच एका बोटीला वादळाने गाठलं आणि सहा जण बुडाले. त्या लोकांना अंतर कळत नव्हतं असं कुणी म्हणू नये. त्यांना तिन्ही अंतरं पाठ होती.

हे सांगायचं कारण असं की संच तोच, बिंदू तोच, आणि मेट्रिक बदललं की उत्तर बदलतं. अंतर कोणतं धरायचं हा निर्णय गणिताच्या आधी घेतला जातो, आणि तो बहुतेक वेळा कुणीतरी आपल्या वतीने घेतलेला असतो.

आता आजच्या मुख्य माणसाकडे वळतो: विनायक महादेव दांडेकर. जन्म १९२०, सातारा. शिक्षणाने संख्याशास्त्रज्ञ, पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमध्ये आयुष्य गेलं. तरुणपणी इरावती कर्व्यांबरोबर त्यांनी महाराष्ट्रातल्या निरनिराळ्या समाजांच्या शरीरमापनावर ग्रंथ केला, १९५१ साली. तेव्हा देशात हा विषय गाजत होता. महालनोबिसांनी १९३६ मध्येच समूहासमूहांमधलं अंतर मोजण्याची आपली प्रसिद्ध रीत मांडलेली होती. कर्वे पुढे या मापांवरून आणि प्रत्यक्ष फिरून वेगळंच सांगू लागल्या. एका नावाखाली मोडणाऱ्या पोटजाती एकाच घराच्या वाटण्या नसून पुष्कळदा मुळातच निरनिराळे गट आहेत, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे ज्याला आपण एक संच समजून अंतर मोजायला निघालो, तो संचच एक नव्हे. हा धागा मोठा आहे, आज सोडून देतो.

दांडेकरांची दुसरी मोजणी साऱ्या देशाला माहीत आहे. नीळकंठ रथ यांच्याबरोबर त्यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्यावर लिहिलं. रोज दरडोई २२५० कॅलरी अन्न मिळावं एवढी अपेक्षा धरली आणि १९६०-६१ च्या किमतींनी त्याचा हिशोब लावला: खेड्यात महिन्याला दरडोई १५ रुपये, शहरात साडेबावीस. त्या रेषेखाली खेड्यातले सुमारे ४० टक्के लोक आणि शहरातले सुमारे ५० टक्के निघाले.

ही रेषा म्हणजे आपल्या भाषेत एक संच आहे: १५ रुपये आणि त्याहून जास्त खर्च करू शकणाऱ्यांचा. प्रत्येक कुटुंब एक बिंदू. टक्केवारी काय सांगते? बिंदू आत की बाहेर, एवढंच. किती बाहेर ते सांगत नाही. समजा एकाला महिन्याला १४ रुपये मिळतात आणि दुसऱ्याला ५. पहिल्याच्या हातावर एक रुपया ठेवला तर गरिबांची संख्या एकने घटली. तोच रुपया दुसऱ्याला दिला तर आकडा जागचा हलत नाही. अंतराने मोजलं तर दोन्ही वेळा तूट एका रुपयानेच कमी होते. आणि मोजणी जर आत-बाहेर एवढीच असेल, तर उंबऱ्याजवळच्याला आत ओढून पाठ थोपटून घेण्याचा मोह कोणत्याही सरकारला होणारच. अमर्त्य सेन यांनी १९७६ मध्ये हीच उणीव बोलून दाखवली आणि त्यापुढे जाऊन म्हटलं की नुसती तुटीची बेरीजही पुरत नाही. ती तूट गरिबांमध्ये कशी वाटली गेली आहे तेही पाहायला हवं.

आमच्या पिढीला हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही. १९७२ च्या दुष्काळात आम्ही विशीत होतो. रस्त्याच्या कामावर हजेरीपटावर नावं लिहायला बसायचो, बायामाणसं खडी फोडायची आणि खडी मोजून मजुरी. तेव्हापासून आणेवारीचं, पुढे पैसेवारीचं कोडं डोक्यात आहे. नेहमीच्या चांगल्या पिकाला शंभर पैसे धरायचे आणि यंदाचं पीक त्याच्या किती, ते ठरवायचं. कित्येक वर्षं रेघ होती पन्नास पैशांची. पन्नासच्या आत आलात तर टंचाईच्या सवलती, वर गेलात तर नाही. एका साली आमच्या गावाची पैसेवारी रेघेच्या जरा वर लागली आणि ओढ्यापलीकडच्या गावाची जरा खाली. पाऊस दोघांना एकच, ढग काही ओढा पाहून थांबत नाहीत. आमचे वडील चावडीवरून परत आले ते काही न बोलता गोठ्यात जाऊन बसले.

पुढे फ्रेशे वाचताना त्या दिवसाचं गणित सापडलं. एक छोटं प्रमेय आहे. दोन बिंदूंची एखाद्या संचापासूनची अंतरं एकमेकांहून फार वेगळी असू शकत नाहीत. फरक त्या दोन बिंदूंमधल्या अंतराएवढाच, फार तर. सिद्धता एका ओळीची: मी आधी शेजाऱ्याकडे जाईन आणि मग त्याच्या वाटेने पुढे जाईन. तो तुमच्यापासून तीन किलोमीटरवर राहत असेल, तर तुमचं दवाखान्याचं अंतर त्याच्या अंतराहून तीनपेक्षा जास्त वाढूच शकत नाही. अंतर हे असं समजूतदार माप आहे, शेजाऱ्याला शेजाऱ्यासारखं वागवतं. 'आत की बाहेर' हे माप तसं नाही. दोन गावांत चार पैशांचा फरक असला तरी ते एकाला सगळं देतं आणि दुसऱ्याला काहीच नाही.

दांडेकरांची तिसरी मोजणी आपल्या जास्त कामाची. संयुक्त महाराष्ट्राच्या आधी, १९५३ मध्ये, नागपूर करार झाला होता. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३७१ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी विकास मंडळांची तरतूद आली. मंडळं प्रत्यक्षात यायला १९९४ उजाडलं. मधल्या काळात कोण किती मागे यावर भांडणं भरपूर, मोजमाप कुणाकडे नाही. १९८३ मध्ये सरकारने दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली आणि १९८४ मध्ये तिचा अहवाल आला. 'अनुशेष' हा शब्द वर्तमानपत्रांतून घराघरात गेला तो यानंतर.

समितीची रीत साधी होती. रस्ते, सिंचन, गावांचं विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशी क्षेत्रं घ्यायची. प्रत्येकात राज्याची सरासरी काढायची. जो जिल्हा सरासरीच्या खाली, त्याची तूट रुपयांत मोजायची. जो वर, त्याला काही नाही. त्याची जादा कमाई दुसऱ्याच्या तुटीतून वजा करायची नाही. बेरीज आली ३१८६.७८ कोटी रुपये: विदर्भ १२४६.५५, मराठवाडा ७५०.८५ आणि उर्वरित महाराष्ट्र ११८९.३८.

हे बिंदूचं संचापासूनचं अंतरच आहे, अक्षर न बदलता. संच कोणता? 'सरासरी आणि तिच्या वरचं सगळं.' वर असलेल्याचं अंतर शून्य, कारण तो संचातच आहे. खाली असलेल्याचं अंतर म्हणजे सरासरीला पोचायला लागणारी तूट. दांडेकरांनी हाउसडॉर्फ उघडून बसून हे केलं असं आम्ही म्हणत नाही. नीट विचार करणारा संख्याशास्त्रज्ञ जिथे पोचतो तिथे ते पोचले. वर गेलेल्याला 'ऋण अनुशेष' न देण्यात मोठा न्यायविचार आहे, आणि तो पुरेसा वाखाणला गेला नाही असं आमचं मत आहे. सिंचन मोजतानाही त्यांनी नुसती हेक्टरं मोजली नाहीत, रब्बी पिकाच्या तोडीची हेक्टरं धरली. नाहीतर उसाचं एक हेक्टर आणि ज्वारीचं एक हेक्टर सारखंच दिसलं असतं. पुन्हा तेच: मेट्रिक आधी ठरवावं लागतं.

मग कुठे अडलं? एककात. समितीने जिल्हा हा बिंदू धरला. आता आपण करमाळ्यात बसलो आहोत, सोलापूर जिल्ह्याच्या वायव्य टोकाला. एक मनाने रचलेलं उदाहरण घ्या. एका जिल्ह्यात सारख्या लोकसंख्येचे दोनच तालुके. राज्याची सरासरी १००. एक तालुका १४० वर, दुसरा ६० वर. जिल्ह्याची सरासरी १००, म्हणजे जिल्ह्याचं अंतर शून्य, अनुशेष नाही. पण तालुके सुटे मोजले तर पहिल्याचं अंतर शून्य आणि दुसऱ्याचं ४०, सरासरी २०. हे २० गेले कुठे? जिल्हा नावाच्या बिंदूत विरघळले. जी जादा कमाई एका जिल्ह्याची दुसऱ्या जिल्ह्याच्या तुटीतून वजा करायची नाही म्हटलं, ती जिल्ह्याच्या आत मात्र गुपचूप वजा होत राहिली.

हा नुसता उदाहरणाचा खेळ नाही. असा संच असेल की त्यातले कोणतेही दोन बिंदू जोडणारी रेघ त्याच संचात राहते, तर सरासरी बिंदूचं अंतर हे सुट्या अंतरांच्या सरासरीहून कधीच जास्त नसतं. कमी किंवा समान, बस. 'सरासरीच्या वरचे सगळे' हा तसाच संच आहे. म्हणून एकक जेवढं मोठं घ्याल, तेवढा अनुशेष कमी दिसेल, किंवा फार तर तेवढाच राहील. तालुका धरलात तर वाढेल, गाव धरलंत तर आणखी. यात कुणाची लबाडी असायलाच हवी असं नाही, व्याख्येतच ते आहे. उलट बाजूही सांगितली पाहिजे: गावागणिक तंतोतंत आकडे मिळत नाहीत, आणि लहान एककावर मोजलेल्या आकड्यात चूकही जास्त शिरते. जिल्हा धरणं हा व्यवहारी निर्णय होता. फक्त त्याची किंमत कुणी दिली, ते बोललं गेलं नाही.

आपल्या तालुक्यातच पाहा ना. एका कडेला उजनीचं पाणी डोळ्यांसमोर पसरलेलं. एकूण साठा ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. दुसऱ्या कडेची गावं कुकडीच्या टेलच्या पाण्याची आणि मांगी तलावाची वाट बघत. मधे दहिगावची उपसा योजना, म्हणजे पाणी चढावर ढकलायचं आणि विजेचं बिल मोजायचं. पाण्यापासूनचं अंतर इथे किलोमीटरमध्ये मोजून भागत नाही. उंचीत आणि युनिटांत मोजावं लागतं. कमलाभवानीच्या शहाण्णव पायऱ्यांच्या बारवेत आम्ही पोरं पाणी किती पायऱ्यांवर आहे ते मोजायचो. ते एक प्रामाणिक मेट्रिक होतं, कारण घागर घेऊन चढणाऱ्या बाईला तेवढ्याच पायऱ्या चढाव्या लागायच्या. तालुक्याची सरासरी काढलीत तर धरणकाठचा ऊस आणि सीनेकडची करपलेली तूर एकाच बिंदूत बसतात.

वेळ संपत आली आहे. एका विद्यार्थिनीची चिठ्ठी आली आहे, ती वाचतो: 'संच रिकामा असेल तर अंतर किती?' फार चांगला प्रश्न. रिकाम्या संचात जवळचा घटक नाही, लांबचाही नाही, मोजायला एकही अंतर नाही. म्हणून संकेताने ते अनंत मानतात. शून्य मानलं तर काय बिघडेल, ते घरी जाऊन पाहा. सूचना एवढीच देतो की संच लहान होत गेला की अंतर कमी होता कामा नये, हा नियम आपण आज जेऊरच्या स्टेशनावर शिकलो आहोत. आणि तिने खाली लिहिलं आहे की ती कुगावकडची आहे आणि शिरसोडीचा पूल झाल्यावर अंतर किती होईल. बाई, ते पुलाच्या नकाशावरून काढता येईल. पुढच्या वेळी नकाशा घेऊन या, फळ्यावर मिळून मोजू.